कॅमेरा एचडी, पण खांबावर अंधार

वडगाव निंबाळकर : मोटार, केबल चोरीला गेली की आधी कॅमेरा आठवतो. घेताना मात्र सगळे मेगापिक्सलच विचारतात, उजेडाचं कोणी विचारत नाही.

दोन मेगापिक्सल म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके. अख्खा चौक एकाच कॅमेऱ्यात घेतला, तर लांबच्या चेहऱ्याला त्यातले मोजकेच येतात. रात्री इन्फ्रारेडमध्ये चित्र काळं-पांढरं. गाडीचा रंग कळत नाही, नंबरप्लेट चकाकून नुसती पांढरी. म्हणून नीरा-बारामती रस्त्याकडं एक कॅमेरा फक्त नंबरप्लेटसाठी ठेवा, कमी उंचीवर. एलईडी दिवा कॅमेऱ्याच्या तोंडासमोर नको, मागून-बाजूनं हवा. लाईट जाते तेव्हाच चोर येतो, त्यामुळं डीव्हीआरबरोबर कॅमेरे आणि दिव्यालाही बॅटरी पाहिजे.

आणि फुटेज लगेच काढून ठेवा. डिस्क भरली की जुनं पुसलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात त्याच्यासोबत प्रमाणपत्रही लागतं.