पाच अक्षरांचा मासा

परवा वसईचा माझा एक ख्रिस्ती विद्यार्थी कागद घेऊन आला. "सर, मनगटावर गोंदवून घ्यायचंय. वडिलांची आठवण म्हणून."

कागदावर मासा, पोटात ग्रीक अक्षरे. रोमच्या भुयारी दफनभूमींत आद्य ख्रिस्ती लोकांनी कोरलेली ही खूण. त्याने समजावले, "मासा म्हणजे ग्रीकमध्ये 'इख्थुस'. पाच अक्षरं, येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा या शब्दांची आद्याक्षरं."

ग्रीक मला येत नाही, मोजता येते. अक्षरे चारच भरली! त्याने पडताळून पाहिले. थीटा गळला होता. म्हणजे नेमका 'देवाचा'!

त्याचा चेहरा उतरला. वह्यांतल्या चुका मी रोज लाल शाईने सुधारतो. कातडीवरची कशाने सुधारणार? म्हटले, "बैस. नवा कागद घे."