विद्यापीठाच्या वाटेवर : इंग्रजी विभागातली आपली माणसं



कॉलेजप्रवेशाचे दिवस आले की आपल्या घरांतून हमखास ऐकू येतं, ‘‘इंग्रजी साहित्य घेऊन पोट कसं भरणार? आणि मराठीचं काय?’’ म्हणून यावेळी आम्ही इंग्रजी विभागांचीच खबरबात आणली आहे.

हार्वर्डच्या इंग्रजी विभागात २००१ साली रुजू झालेले होमी भाभा मूळचे मुंबईचे, एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी. कोलंबियाच्या इंग्रजी विभागात शिकवलेल्या गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) या पुस्तकात दाखवून दिलं, की इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडात रुळण्याआधीच हिंदुस्थानात शिकवला जात होता. ऑक्सफर्डने त्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला १८९४ मध्ये; तोवर मुंबई विद्यापीठाला ३७ वर्षं झाली होती!

राज्यकर्त्यांनी आपल्याला वळण लावायला आणलेला हा विषय आपल्या माणसांनी मात्र पचवला. विंदा करंदीकरांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आणि ‘किंग लिअर’ मराठीत आणलं. भालचंद्र नेमाडेही इंग्रजीचेच प्राध्यापक. दोघांना ज्ञानपीठ मिळालं (२००३ व २०१४ चं) ते मराठी लेखनासाठी.

पोटाचा प्रश्न खोटा नाही. अमेरिकेत प्राध्यापकीच्या कायम जागा कमी झाल्या आहेत. मुलांना हे स्पष्ट सांगावं. पण इंग्रजी घेतलं म्हणजे मूल मराठीला दुरावलं, ही भीती सोडावी. शेक्सपिअरसोबत विंदाही त्याच्या हाती द्यावेत, एवढंच आम्ही सुचवतो.