आवडीचा पैरा

‘तुम्ही एकदा बघाच!’ हे वाक्य ज्याला कधी ऐकावे लागले नाही, असा मनुष्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. कुणाला कुस्तीचे वेड असते, कुणाला क्रिकेटचे, कुणाला एकाच सिनेमाचे. वेड असायला हरकत नाही. पण ते एकट्याला सोसवत नाही. शेजाऱ्याला हाताला धरून घेऊन जावे, तो सिनेमा बघत असताना आपण त्याच्या तोंडाकडे बघावे, आणि मध्यंतरात ‘काय, सांगितलं नव्हतं?’ असे विचारावे, तेव्हा कुठे वेड्या माणसाचे समाधान होते. शहाणी माणसे अशा वेळी ‘हो हो, बघू या एकदा’ म्हणून सुटका करून घेतात. प्रस्तुत सदरलेखकाने मात्र गेले वर्षभर सुटका करून न घेण्याचा नेम धरला. जो बोलावील त्याच्याबरोबर जायचे, तो दाखवील ते बघायचे आणि सारे संपेपर्यंत मत द्यायचे नाही! मराठीच्या प्राध्यापकाला ही शेवटची अट किती जड जाते, ते आमच्या सौभाग्यवतींना विचारावे.

मी माण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. माण म्हणजे सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा भाग. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस इकडे येईपर्यंत रिकामा झालेला असतो. नदीचे नाव माणगंगा. पण वर्षातले बरेच दिवस तिच्या पात्रात वाळूच वाहते म्हणायची. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ लिहून या मुलखाला साहित्यात हक्काची जागा मिळवून दिली. अशा मुलखात करमणूक ती कसली, असे आमच्याकडे येणाऱ्या पुणेकर पाहुण्यांना वाटते. त्यांनी आमच्या शिपाईमामांना भेटावे.

मामांचे वेड बैलगाडीच्या शर्यतीचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात ती अटींवर उठली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलाला काठी नाही, चाबूक नाही, विजेचा धक्का नाही, आणि धाव हजार मीटरांहून अधिक नाही, असे आताचे नियम आहेत. मधली सात वर्षे कशी गेली, असे विचारले तर मामा म्हणतात, “घरात कुणीतरी आजारी असल्यावानी गेली बगा, सर.”

त्या मामांबरोबर मी एका माळावर जाऊन उभा राहिलो. पुण्याच्या बाजूला घाटात एकेक गाडा सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. आमच्याकडे गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून एकदम सोडतात. ध्वनिक्षेपकावरचा गृहस्थ इतक्या वेगाने बोलत होता, की भाषाविज्ञानाच्या एखाद्या परिषदेत त्याच्यावर निबंध वाचता यावा! निशाण पडले. धूळ उठली. आरोळी झाली. डोळ्यांतली माती पुसून मी बघतो तो शर्यत संपलेली! सकाळपासून उन्हात उभे राहिल्याचे फळ मिनिटाच्या आत पदरात पडले होते.

“कोण आलं पहिलं?” मी विचारले.

मामांना माझी दया आली असावी. म्हणाले, “सर, पुढं कोण हाय ते बघूच नगा. जू बघा, जू!”

पुढच्या खेपेला मी जू बघितले. आणि खरोखरच निराळा खेळ दिसू लागला. दोन खिलार बैलांची चाल एक झाली, की मानेवरचे जू पाण्यासारखे सपाट राहते. एकाने ओढले आणि दुसरा किंचित कचरला, की ते तिरके होते. आणि गाडी मागे पडायच्या आधीच ती हरणार हे जाणत्याला कळते. त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांना निकाल निशाणाच्या आधी ठाऊक असतो. ते निकाल बघायला आलेलेच नसतात.

या जोडीला तिथे ‘पैरा’ म्हणतात. शर्यतीतले दोन बैल पुष्कळदा दोन मालकांचे असतात. याचा एक, त्याचा एक, असा पैरा जमवतात. शब्द मूळचा शेतीतला. ज्याच्या दावणीला एकच बैल, त्याने दुसऱ्या तसल्याच शेतकऱ्याशी पैरा करायचा. आज तुझे रान, उद्या माझे. एका बैलाने नांगर चालत नाही आणि दोन बैल पोसण्याची ऐपत नाही, अशा लोकांनी काढलेली ही तोड आहे.

मामांचाही एक बैल होता. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यांनी तो चारा छावणीत जगवला. त्यांच्या पैरेकऱ्याने मात्र आपला बैल विकला. “मग?” मी विचारले. “मग काय? एकला बैल जुवाला कसा लागंल? वरीसभर नुसता बघत उभा ऱ्हायला दावणीला. मंग म्याबी इकला.” एवढे बोलून मामा पुन्हा माळाकडे बघू लागले. शर्यत मला आवडू लागली, असे मी म्हणणार नाही. जनावरांच्या कनवाळूपणाने जे लोक न्यायालयात गेले, त्यांचे म्हणणेही मला पटते. पण त्या दिवशी मामांच्या शेजारी कुणीतरी उभे असण्याची गरज होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

दुसरे आमंत्रण आमच्या घरमालकीणबाईंचे. त्यांना सारी गल्ली आक्का म्हणते. वय पंचाहत्तरीच्या घरात. त्यांच्या लेखी जगात सिनेमा एकच झाला: ‘सांगत्ये ऐका’. १९५९ चा हा चित्रपट अनंत माने यांचा. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो शंभराहून अधिक आठवडे चालला होता. आक्कांनी तो लहानपणी जत्रेतल्या तंबूत बघितला. मधोमध दोर, एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बाया. यंत्राची घरघर, आणि रीळ संपले की अंधारात पोरांचा कल्ला. पुसेगावसारख्या जत्रांतून तंबूचे सिनेमे अगदी अलीकडेपर्यंत येत असत.

एका रविवारी दुपारी मी माझा संगणक आक्कांच्या माजघरात मांडला. आमची मंडळीही येऊन बसली. वसंत पवारांचे संगीत, आशाबाईंचा आवाज, पडद्यावर जयश्री गडकर. बुगडीचे ते प्रसिद्ध गाणे सुरू झाले आणि आमची मंडळी सरसावून बसली. आक्का मात्र उठून चहा टाकायला आत गेल्या!

“आक्का, गाणं चाललंय!”

“चालू द्या की. गाणं काय, रेडिओवर बी लागतंय.”

त्या परत येऊन बसल्या त्या शेवटाकडे. आणि बसल्या त्या पाठ ताठ करून, पदर सावरून. शर्यतीत हरल्याचा डूख धरून गावचा पाटील एका शेतकऱ्याचा जीव घेतो, त्याच्या बायकोची अब्रू घेतो. त्या बाईची मुलगी तमाशात वाढते, आणि एक दिवस त्याच पाटलापुढे, भरल्या फडात, सारी हकीकत सांगून टाकते. चित्रपटाचे नाव तेच सांगते. ‘सांगत्ये’ म्हणजे बाई सांगते आहे. पुरुष सांगता तर ‘सांगतो ऐका’ झाले असते. एवढे व्याकरण आक्कांना कुणी शिकवायला नको होते.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “तंबूत गाण्याला बाप्यांच्या अंगाला शिट्ट्या चालल्या हुत्या. पर ह्या जागंला बायांच्या अंगाला कुणी पदर बी हलवंना. आमच्या गावात बी असलं झालं हुतं. समद्यास्नी ठावं हुतं. सांगितलं न्हाई कुणी.”

कुणाचे, कधी, हे मी विचारले नाही. आमच्या मंडळींनीही नाही. चहा गार झाला होता, तो तसाच प्यालो. साठ वर्षे ज्या चित्रपटाला लोक बुगडीच्या गाण्याने ओळखतात, त्यात आक्का दुसरेच काही बघत आल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसल्याखेरीज ते दिसण्यासारखे नव्हते.

या दोन खेपांनंतर माझ्या ध्यानात आले, की आपल्या आवडीची वस्तू दाखवणारा माणूस तुमचे मत मागतच नसतो. तुम्ही त्या वस्तूला किती गुण देता, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याच्या दावणीला एक बैल आहे. दुसरा तुमचा मिळाला तर बघावा, एवढेच त्याच्या मनात असते.

आणि असा पैरा मनापासून करणारी माणसे आमच्या मुलखात होऊन गेली आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा जाण्याच्या खर्चाची वाण होती. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या आवडीवर घर लावणारा हा गुरू! खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला त्यांची मिरवणूक निघाली ती शंभरांहून अधिक बैलगाड्यांची. आम्हां प्राध्यापक मंडळींना घरभाडे भत्त्याच्या चर्चेत हे घर अधूनमधून आठवले, तर बरे.

२०१६ सालची गोष्ट तर आमच्या तालुक्याचीच. मोही गावची ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. तोवर हा शब्द इकडे कुणाच्या जिभेवर बसलेला नव्हता. तीन हजार मीटर धावायचे, वाटेत अठ्ठावीस अडथळे, शिवाय सात वेळा पाण्यावरून उडी. ज्या तालुक्यात टँकरची वाट बघतात, तिथली मुलगी सात वेळा पाणी ओलांडते, याची गंमत इथल्या बायांनी बरोबर हेरली! ती दहावी आली. नियम ठाऊक नसताना तिच्यासाठी श्वास रोखून बसलेले लोक, त्या खेळाचे नव्हे, त्या मुलीचे पैरेकरी होते.

तिसरी खेप मात्र अवघड होती. प्रथम वर्षाला एक मुलगा आहे. हुशार, पण वर्गात डोळे मिटतात. रात्री मोबाइलवर खेळतो, अशी त्याच्या आईची तक्रार. वडील मुंबईला माथाडी कामगार. सणावाराला गावी येतात. आले की मोबाइल आपटायची भाषा करतात, आणि मुलगा दोन दिवस घरात जेवत नाही. आईने मला ‘तुम्ही समजावून सांगा’ म्हटले. मी म्हटले, आधी समजून घेतो.

खेळ तोच, ज्यावर २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली आणि २०२१ मध्ये जो नव्या नावाने परत आला. विमानातून शंभर जण बेटावर उड्या घेतात, हत्यारे शोधतात, आणि खेळाचे रिंगण हळूहळू आवळत जाते. शेवटी जो उरेल तो जिंकला. मी शेजारी बसलो. माझ्या मनाला येईल ते सारे त्या अर्ध्या तासात माझ्या मनात आले. पण नेम होता, बोललो नाही. मग मामांचा धडा आठवला आणि विचारले, “बाबा रे, तू कुठं बघतोस?”

तो म्हणाला, “सर, मी मारायला जातच नाही. आमच्यातलं कुणी पडलं, की त्याला उचलायला जातो.”

या खेळात चौघांचा गट असतो. गोळी लागून गडी पडला तरी लगेच मरत नाही. सोबत्याने वेळेत गाठले, तर तो पुन्हा उभा राहतो. याचे तीन सोबती म्हणजे गावच्या शाळेतले तीन वर्गमित्र. एक चाकणला कारखान्यात, एक बापाबरोबर सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यात दूर दक्षिणेत, आणि एक ऊसतोडीच्या टोळीत. चौघांना एकत्र यायला गावात आता पार उरलेला नाही. तो रात्री दहानंतर त्या बेटावर भरतो.

दसऱ्याला वडील आले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो आणि एवढीच विनंती केली, की मोबाइल नंतर आपटा. आज एक डाव शेजारी बसून बघा. ते नाइलाजाने बसले. बराच वेळ कुणी बोलेना. इतक्यात पडद्यावर एक गडी पडला आणि सरपटू लागला.

“ह्यो कोण?” वडिलांनी विचारले.

मुलाने मित्राचे नाव सांगितले. “ऊसतोडीला गेलाय तो.”

वडील पुढे वाकले. “मंग बसलास काय? उचल की त्याला!”

यावरून त्या घरात सारे सुरळीत झाले, असे समजू नका. रात्रीची झोप हा प्रश्न राहिलाच. अकरानंतर मोबाइल आईच्या उशाखाली, असा तह झाला आहे आणि तो अधूनमधून मोडतो. पण तह करायला दोन्ही पक्ष एका चटईवर बसावे लागतात, ते त्या दिवशी बसले.

वाचकहो, दिवाळीत घर भरलेले असते. चकली कुरकुरीत होते, अंक चाळले जातात, आणि जो तो आपापल्या कोपऱ्यात आपापले बघत असतो. त्यांतला एखादा मधेच मान वर करून म्हणेल, ‘हे बघ ना जरा!’ त्या वेळी हातातला अंक, हा लेख त्यात असला तरी, खाली ठेवा. आवडले पाहिजे असे नाही. फक्त विचारा, ‘तू कुठं बघतोस?’ आणि तो बोट दाखवील तिथे थोडा वेळ बघा.