हनुवटीचा वाद

नातीला दातांची तार बसवायचे ठरले, त्या दिवशी घरात दोन तट पडले. तिचा खालचा जबडा अंमळ मागे आणि पुढे दातांची ही दाटी. "आमच्या घराण्यात असली हनुवटी कुणाची नाही हो," असे मी चहा पिता पिता बोलून गेलो. सूनबाईने मुकाट्याने कपबश्या उचलल्या. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले, की दुसरा कप मागायची सोय उरली नाही.

तरी मी हट्टी. तार बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी स्पेनच्या हॅब्सबर्ग राजांचा दाखला दिला. त्या घराण्याचा जबडा पिढ्यान् पिढ्या पुढे आलेला. व्हेलास्केझच्या चित्रांतही तो लपत नाही. चौथ्या फिलिपने तर सख्ख्या भाचीशी लग्न केले. त्यांचा मुलगा दुसरा कार्लोस. तो १७०० साली निपुत्रिक वारला आणि त्या घराण्याची स्पेनची गादी संपली. २०१९ साली संशोधकांनी या मंडळींची ६६ चित्रे दहा शल्यवैद्यांपुढे ठेवली, तेव्हा जिथे जवळच्या नात्यातली लग्ने अधिक, तिथे जबडाही अधिक पुढे, असे आढळले. रक्ताचा गुण म्हणतात तो हा!

बाई हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, गालावर बोटे ठेवा आणि दात आवळा. कवळी असली तरी चालेल."

बोटांखाली टणक गाठ उभी राहिली.

"हा चावण्याचा स्नायू. जबड्याचा आराखडा रक्तातून येतो, खरे आहे. पण वाढत्या वयात हा स्नायू हाडाला ओढतो, आणि ताण पडेल तिथे हाड भर घालते. २००४ साली हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी हायरॅक्स नावाचे सशाएवढे प्राणी वाढवले. काहींना कच्चे-वाळलेले अन्न, काहींना तेच शिजवून मऊ केलेले. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा खालचा व मागचा भाग सुमारे १० टक्के कमी वाढला. बरे, ही लहानपणी काय खायची?"

मी छताकडे पाहिले. मुलगा-सून कचेरीत गेली की भरवायचे काम माझ्याकडे. ठसका लागेल या भीतीने पाच वर्षांची होईपर्यंत मी तिला गुरगुट्या भात आणि दुधात कुस्करलेली पोळीच चारली. पेरूची फोड म्हणून हातात दिली नाही. "बाबा, तिला चावू द्या," असे सूनबाई किती वेळा म्हणाली असेल!

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "एकाच मुलीच्या जबड्यात रक्ताचा वाटा किती आणि भाताचा किती, हे कुणालाच मोजून सांगता यायचे नाही. आणि आता चकल्या चारून तार टळणार नाही. उलट तार आहे तोवर चकल्या बंद."

घरी येऊन मी सूनबाईला सारे सांगितले, पेरूसकट. "मी उगाच बोललो," हेही सांगितले; त्याला मात्र दोन दिवस लागले.

फराळाला नातीच्या ताटात तेवढे मऊ बेसनाचे लाडू होते. माझ्यापुढे चकल्या ठेवत सूनबाई म्हणाली, "बाबा, घराण्याच्या कवळीला झेपतील ना?"