पाव इंचाची गोष्ट

आजी गेल्यावर तिची दोन जुनी लुगडी माझ्या वाट्याला आली. म्हटलं गोधडी शिवू, तीही षटकोनी तुकड्यांची. आजीने कधी साचा वापरला नाही. मिळेल तो तुकडा, वर धावदोरा. पण आम्ही पडलो आयटीवाले, म्हणजे आधी टेम्प्लेट! पुठ्ठ्याचा षटकोन कापला, भोवती पाव इंच शिवणीसाठी धरला आणि मशीनवर बसलो.

पहिली ओळ झकास. दुसरी जोडताना बोंब. षटकोनांत तीन तुकडे एका बिंदूत भेटतात, म्हणून शिवण कापडाच्या कडेच्या पाव इंच आधीच थांबवायची असते. मी थेट कडेपर्यंत मारली, सगळं चुरगळलं. उसवताना जीर्ण सूत फाटलं. इथे अनडू नाही हो!

मग प्रत्येक तुकडा कागदी साच्यावर दुमडून टाचला, हाताने जोडला. अख्ख्या रविवारात सात तुकडे.. म्हणजे एक फूल.

तर माझं मत: चौकोन असतील तर खुशाल मशीन वापरा, सरळ शिवणीत तिचा हात कोण धरणार? पण असे कोपरे आले की हातच बरा. आणि पहिला प्रयोग जुन्या चादरीवर करा. आजीचं लुगडं एकदाच कापता येतं.