जिभेची किंमत

बेसबॉलमध्ये संघाचा मॅनेजर म्हणजे कचेरीत बसून हिशेब तपासणारा अधिकारी नव्हे. कोणी खेळावे, चेंडूफेक करणारा केव्हा बदलावा, हे मैदानाच्या कडेला उभे राहून तो ठरवतो. आणि संघ हरू लागला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच कोसळते. परंतु व्हेनेझुएलाच्या ओझी गियेन यांची कारकीर्द पाहता, मालक केवळ कौशल्यच विकत घेतो की नोकराची जीभही, असा प्रश्न पडतो.

व्हेनेझुएला जगाला तेल पुरवतो आणि अमेरिकेतील संघांना शॉर्टस्टॉप! दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही अवघड जागा १९५० च्या दशकात शिकागोच्या व्हाइट सॉक्ससाठी प्रथम चिको कॅरास्केल आणि नंतर लुईस अपारिसिओ यांनी सांभाळली. १९८५ मध्ये ती गियेन यांच्याकडे आली व त्या वर्षीचे अमेरिकन लीगचे सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू तेच ठरले. २००४ मध्ये ते त्याच संघाचे मॅनेजर झाले. दुसऱ्याच वर्षी व्हाइट सॉक्सने १९१७ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज जिंकली. लॅटिन अमेरिकेत जन्मलेल्या मॅनेजरला असे यश त्यापूर्वी कधीही लाभले नव्हते.

गियेन यांच्या जिभेला मात्र कधीच हाड नव्हते. २००६ मध्ये एका स्तंभलेखकाविषयी अपशब्द काढल्याबद्दल त्यांना दंड झाला. नोकरी शाबूत राहिली. विजेत्याच्या तोंडाळपणाला लोक दिलखुलासपणा म्हणतात, हा अनुभव काही बेसबॉलपुरता नाही.

२०११ मध्ये मायामी मार्लिन्सने त्यांच्याशी चार वर्षांचा करार केला. २०१२ मध्ये नवे मैदान उभे राहिले ते लिटल हवाना या क्यूबन निर्वासितांच्या वस्तीत, आणि तेही मुख्यतः सार्वजनिक पैशांतून. त्याच सुमारास ‘टाइम’ साप्ताहिकात गियेन यांनी फिडेल कॅस्ट्रो यांच्याविषयी प्रेम व्यक्त केले! ज्यांची घरेदारे गेली, आप्त तुरुंगात खितपत पडले, त्यांचा संताप खोटा नव्हता. तो केवळ राजकारण्यांनी पेटवला असे म्हणणे अन्यायाचे होईल. गियेन यांनी जाहीर माफी मागितली, पाच सामन्यांचे निलंबनही सोसले. मात्र हंगामाअखेर ६९ विजय आणि ९३ पराभव असा हिशेब लागताच त्यांना काढण्यात आले. संघ जिंकला असता तर ते वक्तव्य विस्मरणात गेले असते, असे मानावयास जागा आहे. पुढच्याच महिन्यात मालकांनी अनेक नामांकित खेळाडू टोरांटोच्या संघाला देऊन टाकले. तेव्हा अपयशाचे खापर एकट्या मॅनेजरच्या माथी फोडणे कितपत न्याय्य होते?

अमेरिकेतील मोठ्या लीगमध्ये त्यानंतर त्यांना ते पद मिळालेले नाही. तरुणपणी ज्या संघातून ते खेळले, त्या ला ग्वायराच्या तिबुरोनेसला मात्र त्यांनी २०२४ मध्ये मायदेशाचे अजिंक्यपद मिळवून दिले. १९८६ नंतर प्रथमच. लगेच त्याच संघाने कॅरिबियन सिरीजही जिंकली. तिचा अंतिम सामना मायामीत, मार्लिन्सच्याच मैदानावर झाला.