तिसरं पिस्तूल नको

ऑस्टिनमधल्या आमच्या मराठी कंपूत सध्या एक खूळ आहे. उन्हाळ्याला वेगळं पिस्तूल, थंडीला वेगळं, लग्नाच्या सुटाखाली आणखी वेगळं. 'अरे, कपड्यांप्रमाणे बदलावंच लागतं,' असं वर ऐकवतात. माझं म्हणणं साधं आहे. लपवून बाळगायला दोन बास. तिसरं सुरक्षेसाठी नसतं, ते मिरवायला असतं.

मी काही बंदूकविरोधी नाही. एच-वन-बीवर होतो तोवर प्रश्नच नव्हता. त्या व्हिसावर फेडरल कायदा मोजके अपवाद सोडून बंदूक बाळगू देत नाही. लग्नानंतर ग्रीन कार्ड आलं आणि मीही दुकानात गेलो. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल लपवून बरोबर बाळगायला परवानाही लागत नाही. किती घ्यायची याला मर्यादा नाही. भारतात 2019 च्या दुरुस्तीने परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. इथे ती आपली आपणच घालायची आहे.

माझ्याकडे ग्लॉक 19 आणि ग्लॉक 43एक्स आहेत. दोन्ही नाइन एमएम. पहिल्याच्या मॅगझिनमध्ये 15 गोळ्या, दुसऱ्याच्या 10. दुसरं सडपातळ आहे, टी-शर्टखाली उठून दिसत नाही. मॅगझिन एकमेकांत चालत नाहीत, पण ट्रिगर तसाच, बटणं त्याच जागी, आणि अंगठ्याने काढायची सेफ्टी दोन्हींना नाही. तुम्ही दुसऱ्या कंपनीची घ्या, हरकत नाही. पण जोडी अशी हवी की हाताला वेगळा विचार करावा लागू नये. घाबरलेला माणूस आठवत बसत नाही. हात सवयीचंच करतो. एकाला सेफ्टी आणि दुसऱ्याला नाही, तर नेमक्या क्षणी अंगठा गोंधळणार. कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक नवी डिपेंडन्सी आयुष्यभर देखभाल मागते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्याकडेही तिसरं होतं, 5 गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर. गेल्या डिसेंबरात ताई आली, बरोबर चार वर्षांचा भाचा. ते यायच्या आधी मी दोन पिस्तुलं तिजोरीत ठेवली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाहेर जाताना कोट काढला, तर खिसा जड लागला. भाचा सकाळभर त्याच कपाटात लपाछपी खेळत होता. ताईला मी अजून सांगितलेलं नाही. रिव्हॉल्वर त्याच आठवड्यात विकलं.

बचाव, बचाव म्हणताना आपण कायम बाहेरच्या चोराकडे बघतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. धोका घरातही असतो, कुणाच्या तरी एका वाईट रात्रीत. घरातलं प्रत्येक पिस्तूल रोज कुलपात जायला हवं, आणि मोजणारे आपण एकटेच असतो.

तेव्हा तिसऱ्याचे पैसे दुसरीकडे घाला. जाड पट्टा घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर घ्या, चांगली तिजोरी घ्या. उरलेल्यात सरावाच्या गोळ्या आणि एखादा नीट शिकवणारा मास्तर. कपडे आडवे येत असतील तर शर्ट एक साइज मोठा घ्या, तो पिस्तुलापेक्षा स्वस्त पडतो.

पुढच्या पार्टीत कुणी तिसऱ्याचा फोटो दाखवला, तर मी एवढंच विचारणार आहे: आत्ता, या मिनिटाला, पहिली दोन कुठे आहेत?